चारही उलटणारी

फरशी भट्टीतून बाहेर आली की तिचा चेहरा सगळेच बघतात. निवड विभागातल्या माणसाने पाठ बघायची असते. आमच्या कारखान्यात पुष्कळ नियम भिंतीवर रंगवलेले होते, ते कुणी वाचत नसे. हा एक कुठेच लिहिलेला नव्हता आणि तोच पाळला जायचा. हातातून जाणारी प्रत्येक फरशी उलटायची. छान दिसते म्हणून सोडायची नाही. आधीच्या सगळ्या चांगल्या निघाल्या म्हणून सोडायची नाही. पाठीवर राखाडी डाग असला तर भट्टीत घाई झालेली असते. कड पिवळट असली तर आच कमी पडलेली असते. केसासारखी चीर असली तर गार करताना कुणाला तरी धीर निघालेला नसतो. पुढून यातलं काही दिसत नाही. गिऱ्हाईक पुढून बघून नेतं आणि पाठीमुळे परत आणतं.

मी भट्टीवर गाडे ढकलायचो. निवड विभाग आमच्या समोर, मध्ये फक्त पत्र्याची भिंत. तिथे खडूताई होती. नापास फरशीवर फुली मारायचा खडू ती कानावर ठेवायची, म्हणून खडूताई. घरी जाताना तो कानावरच राहायचा. बसमध्ये लोक बघतात, असं कुणी म्हटलं तर म्हणायची, "बघू देत, फुकट आहे."

ती गरीब स्वभावाची वगैरे नव्हती. नव्या आलेल्या एका बाईने एकदा थप्पीतल्या वरच्या दोन फरश्या उलटल्या आणि बाकीच्या तशाच पुढे सरकवल्या. खडूताईने अख्खी थप्पी उचलून परत तिच्यापुढे आदळली.

"अहो ताई, वरच्या बघितल्या ना. छान आहेत."

"वरच्या छानच असतात गं. मी पण लग्नात छान दिसत होते. उलट सगळ्या."

त्या बाईने सगळ्या उलटल्या. मग तिलाही सवय लागली. त्या विभागात जी आली तिला ही सवय लागलीच. जेवायच्या डब्याचं झाकणसुद्धा त्या उलटं करून बघायच्या.

खडूताईला भट्टी हवी होती. हे ती लपवत नसे. आमची भट्टी लांब बोगद्यासारखी, कधीच न विझणारी. एका तोंडाने कच्च्या फरश्यांचे गाडे आत जातात, दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर येतात. आच किती, गाडा किती वेळाने पुढे सरकवायचा, हे भट्टीवाला ठरवतो. आमचा भट्टीवाला म्हातारा झाला होता. त्याला सगळे बाबा म्हणायचे, साहेबसुद्धा. निळी काच डोळ्याला लावून तो भट्टीच्या भोकातून आत बघायचा आणि एक शब्द बोलायचा. हळू. किंवा चालू दे. त्या एका शब्दावर पुढच्या सगळ्या फरश्या ठरायच्या.

"मी रोज याच्या चुका वेचते," खडूताई मला म्हणायची. "वेचून वेचून हात गेले. मला एकदा त्या व्हायच्या आधी थांबवायच्या आहेत."

बाबा हे ऐकायचे. म्हणायचे, "माझ्या चुका कमी असतात."

"असतात. पण असतात."

बाबा हसायचे. त्यांना दुसरं कुणी असं बोलत नसे.

बाबांची नोकरीची मुदत संपत आली. पूर्वी भट्टीवाला स्वतःच आपल्यामागचा माणूस तयार करायचा. आता साहेबांनी फळ्यावर नोटीस लावली. भट्टीवाल्याच्या जागेसाठी विचारशक्तीची परीक्षा होईल, बाहेरच्या मॅडम घेतील, कुणीही बसावं. पहिला येईल त्याला भट्टी.

खडूताईने त्याच दिवशी नाव दिलं. मुकादम दारात उभा होता.

"ताई, भट्टीजवळ केस जळतील हं."

"माझे बांधलेले असतात. तुमच्या मिशीचं बघा."

तिच्या विभागातल्या बाकीच्या बायकांनीही नावं दिली. भट्टीची कुणाला फारशी आशा नव्हती. तिने दिलं म्हणून दिली.

आता घरचं. हे मला तिने सांगितलं, आणि तिच्या दिराने नंतर त्यात दुरुस्त्या केल्या. नवरा शिवणकाम करायचा, घरातच यंत्र होतं. धाकटा दीर कचेरीतल्या नोकरीच्या परीक्षा देत होता. त्यासाठी त्याने क्लास लावला होता. वहिनीने परीक्षेला नाव दिलंय म्हटल्यावर त्याने जेवणं झाल्यावर ताटाच्या जागी आपलं जाड पुस्तक ठेवलं.

"वहिनी, असलेच प्रश्न येतात. सगळीकडे हेच. नुसते कपडे बदलतात. हा बघा. चार पत्ते. प्रत्येकाच्या एका बाजूला आकार, दुसऱ्या बाजूला रंग. नियम असा, की ज्या पत्त्यावर गोल असेल त्याच्या मागे लाल रंग असलाच पाहिजे. समोर काय दिसतंय? गोल, चौकोन, लाल, निळा. नियम पाळलाय की नाही, हे बघायला कमीत कमी कुठले पत्ते उलटाल?"

"चारही."

"चारही नाही हो."

"का नाही? न उलटता कसं कळणार?"

"कमीत कमी म्हटलंय, वहिनी."

"कमीत कमीच सांगतेय. चारच आहेत. चारशे असते तर चारशे उलटले असते."

शिवणयंत्र थांबलं. नवरा हसत होता. "भाऊ, तू तिला सोड. ती माझे शिवलेले शर्टसुद्धा उलटे करून बघते."

दिराने सोडलं नाही. तीही सोडणारी नव्हती. किती तरी संध्याकाळी ते चार पत्ते त्या घरात पडून होते. तिला समजत नव्हतं असं नाही. तिला पटत नव्हतं. एक पत्ता न उलटता पुढे ढकलायचा, ही कल्पनाच तिच्या हाताला मान्य नव्हती. शेवटी ती कारखान्यातून चार फुटक्या फरश्या घेऊन गेली. पुढे खडूने आकार काढले, पाठीवर रंगांची नावं लिहिली. एकेक हातात धरून स्वतःशीच भांडली. गोल उलटायचाच. मागे लाल नसला तर नियम मोडला. चौकोन? त्याच्या मागे काही असो, नियमाने चौकोनाबद्दल तोंडच उघडलेलं नाही. लाल? मागे गोल असला तरी ठीक, चौकोन असला तरी ठीक. लाल फक्त गोलाच्याच मागे असावा, असं कुणी म्हटलेलं नाही. निळा? थांब. निळ्याच्या मागे गोल निघाला तर? तर मोडला की!

"भाऊजी! गोल आणि निळा!"

"हेच तर मी पहिल्या दिवशी सांगितलं."

"तुम्ही सांगितलंत. आता मला आलं. दोन्हीत फरक आहे."

मग ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. आकारांच्या ओळी, त्यातला गळलेला आकार शोधायचा. तेही तिने असंच हाताने केलं. उत्तर पाठ केलं नाही. पुस्तकातलं उत्तर झाकून ठेवायची. दीर म्हणायचा, एवढं कुणी करत नाही. ती म्हणायची, मग ते काय करतात?

निवड विभागातल्या बायकांना तिने सुट्टीत पत्त्यांचं सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "न उलटता? वेडी झालीस का?" आणि डबे उघडले. हेच नेमकं परीक्षेत येणार आहे, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

परीक्षा कँटीनमध्ये झाली. टेबलं पुसली होती, तरी कोपर चिकटत होतं. मॅडम तरुण होत्या, सर्दीने नाक लाल. सगळ्यांना पेन्सिली दिल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका. यात शिकलेलं काही विचारलेलं नाही. नुसता विचार करायचाय."

चहावाल्याने मागून विचारलं, "मग मी बसू का?" लोक हसले, मॅडमही हसल्या.

पत्त्यांचा प्रश्न आला. आकारांच्या ओळीही आल्या. कागदाच्या शेवटी एक ओळ होती. या प्रकारचे प्रश्न आपण यापूर्वी कुठे सोडवले आहेत का? हो किंवा नाही.

खडूताईने हो वर खूण केली. मी तिला नंतर विचारलं, दुसऱ्यांदा विचार नाही केलास? ती म्हणाली, "फरशीला चीर आहे का विचारलं, आणि आहे. तर काय सांगायचं?"

निकाल फळ्यावर लागला. पहिला आला भांडारातला कारकून. त्याला सगळे चष्मा म्हणायचे. खडूताईच्या नावापुढे गुणच नव्हते. लिहिलं होतं, विचारात घेतलेले नाही. आणि निवड विभागातल्या बाकीच्या सगळ्या बायकांच्या नावांखाली लाल रेघ. त्यांना कचेरीत बोलावलं होतं. कारण पत्त्यांच्या प्रश्नाला त्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, आणि तेही असं, की जे बाकी कुणीच दिलं नव्हतं. चारही उलटू. एवढ्या जणींचं सारखंच चुकीचं उत्तर म्हणजे नक्कल, असं साहेबांचं म्हणणं.

त्या बायका रडायच्या बेतात होत्या. खडूताईला बोलावलं नव्हतं. ती त्यांच्या पुढे चालत कचेरीत गेली. तिथे फरश्यांच्या नमुन्याची पेटी होती, ती उचलायला मला बोलावलं होतं. मी तिथेच थांबलो.

"मॅडम," ती म्हणाली, "यांनी नक्कल केली नाही. यांना तुम्ही कुठेही वेगळं बसवा. यातली प्रत्येक बाई चारही उलटेल. झोपेतून उठवून विचारा. हे कारखान्याने शिकवलंय."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग बायकांकडे. "तुम्ही काम काय करता?"

एकीने टेबलावरची नमुन्याची फरशी उचलली आणि उलटली. तिला पाठ बघायची होती. मॅडम बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

साहेब म्हणाले, "ठीक आहे, नक्कल नाही. चूक तर आहे."

"चूक आहेच," खडूताई म्हणाली. "माझीही झाली होती. आता माझं बरोबर आहे, तर माझे गुण कुठे गेले?"

मॅडमनी नाक पुसलं. त्यांनी टाळलं नाही, हे मी सांगतो. "ताई, तुमची बुद्धी कमी आहे असं मी म्हणत नाही. पण जो हा प्रश्न आधी बघून येतो, त्याचे गुण वाढतात. ते विचार करून आले की आठवून, हे मला कागदावरून सांगता येत नाही. म्हणून हो लिहिलं की आम्ही तो कागद बाजूला ठेवतो."

"म्हणजे मी घासून शिकले, हा माझा दोष."

"दोष नाही. माझ्या मोजमापाला तुमचा उपयोग नाही, एवढंच."

"बरं. आणि ज्याने नाही लिहिलं? तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्याने लिहिलंय ना."

खडूताईने कानावरचा खडू काढला. मला वाटलं आता ही टेबलावर लिहिते. लिहिलं नाही, नुसता हातात धरला. "मॅडम, तुमचा नियम असा ना, की जो बघून आला तो हो लिहितो? मग नियम पाळला की मोडला, हे बघायला तुम्ही कुठला कागद उलटलात? हो चा. हो वाल्याने तर कबूलच केलंय, त्यात काय मोडणार? उलटायचा होता नाही चा. त्याच्या मागे काय आहे ते बघायचं होतं. हे मला तुमच्याच प्रश्नाने शिकवलं."

चष्मा दारात होता. आपलं नाव फळ्यावर पहिलं आहे म्हणून पेढे वाटणाऱ्याच्या आवेशात आलेला, तो तिथेच थबकला. तो दिराच्याच क्लासला, पुढच्या बाकावर बसायचा. खडूताईला हे ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचं नाव घेतलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण नाही च्या मागे बघायला माझ्याकडे काही नाही." मग साहेबांना म्हणाल्या, "या बायकांवर आळ आलाय. मला पुन्हा एकदा परीक्षा घेऊ द्या. आकार बदलून. पुढच्या आठवड्यात."

साहेबांनी नाराजीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत खडूताईने कँटीनच्या दाराशी चार फरश्या मांडल्या. पुढे आकार, मागे रंग. जो जेवायला येईल त्याला थांबवायची. "उलट. कुठली उलटशील? का? ही का नको? सांग." निवड विभागातल्या बायकांना सगळ्यात जड गेलं. हात आपोआप पुढे जायचे. ती हातावर चापट मारायची. गाडेवाले शिकले, साच्यावरचे शिकले, रखवालदार शिकला. चहावाल्याने चौथ्या दिवशी बरोबर उत्तर दिलं आणि सगळ्यांना कपबशा उलट्या करून दाखवत सुटला. मीही शिकलो. मला वेळ लागला. लागला म्हणून तिने सोडलं नाही.

एक दिवस चष्मा बाजूला येऊन उभा राहिला.

"तू रे?" ती म्हणाली. "तुला तर येतं. ये, शिकव. माझा घसा बसला."

तो हलला नाही. "ताई, मी तीन वर्षं हेच करतोय. सहा जागी नापास झालोय. हो लिहिलं असतं तर ही पण गेली असती. घरी काय सांगू?"

"घासलंस असं सांग. लाज कशाची त्यात? फुकट मिळालं असतं तर लाज."

तो खाली बसला. आणि खरं सांगायचं तर त्याने तिच्यापेक्षा चांगलं शिकवलं. तो चापट मारत नसे.

मुकादमाने साहेबांना कळवलं. साहेब स्वतः कँटीनपाशी आले. "तू परीक्षा फोडलीस," ते म्हणाले. साहेब तिला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होते.

"फोडली नाही, साहेब. वाटली. काहींच्या घरी आधीच होती, आता सगळ्यांच्या घरी आहे. आता घ्या."

"भट्टीचं विसर."

"ते तुम्ही लिहून द्या. तोंडी विसरायची मला सवय नाही."

परीक्षा झाली. त्याच चिकट टेबलांवर, त्याच पेन्सिलींनी. आकार बदललेले होते. गोलाच्या जागी तारा होता. शेवटची ओळ तीच होती. मॅडम कागद गोळा करता करता तिथेच बघत होत्या. हो. हो. हो. चष्म्याच्या कागदावर हो होतं, आणि पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. सगळ्या कारखान्याने ताऱ्याचा आणि निळा, हे दोनच पत्ते उलटले होते. निवड विभागातल्या बायकांनीसुद्धा. फक्त एकीने चारही लिहून दोन खोडले होते.

मॅडम साहेबांना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा कागद इथे आता कामाचा राहिला नाही. कोण विचार करतंय आणि कोण आठवतंय, हे मला सांगता येणार नाही. खरं तर मागच्या वेळीही येत नव्हतं. फक्त तेव्हा येतंय असं वाटत होतं."

"मग मी माणूस निवडू कसा?" साहेब ओरडले.

बाबा मागच्या बाकावर बसून चहा पीत होते. "भट्टीपाशी उभं करून," ते म्हणाले. "अजून मी आहे तोवर."

ज्यांनी नावं दिली होती त्यातले बहुतेक पहिल्या दिवशीच आचेला कंटाळले. चष्मा दोन दिवस उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, मला काचेतून फक्त माझाच घाम दिसतो." तो भांडारात परत गेला, तोंड पाडून नाही. खडूताई राहिली. सोपं गेलं असं कुणी समजू नये. पहिल्या दिवशी तिने आच कमी ठेवायला लावली आणि अख्खा गाडा पिवळट निघाला. बाबांनी त्या फरश्यांवर फुल्या मारायलाही तिलाच बसवलं. तिने मारल्या. एकही फरशी न उलटता सोडली नाही, सगळ्या वाया गेल्या आहेत हे दिसत असूनही.

मग एकदा साहेब बघायला आले तेव्हा बाहेर आलेल्या गाड्यातली एक फरशी बाबांनी तिच्या हातात दिली. तिने उलटली. बोटाने पाठ चाचपली. मग काच डोळ्याला लावून भोकातून बघितलं आणि मला म्हणाली, "हळू. पुढचे गाडे जरा थांबवून."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"राखाडी यायला लागलंय. अजून डाग नाही. पण येणार."

साहेब बाबांकडे वळले. "हिने तर हे पुष्कळदा बघितलंय आधी."

"हो," बाबा म्हणाले. "म्हणून तर."

भट्टी तिला मिळणार हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. साहेबांनाही. पण त्यांना काहीतरी हातात हवं होतं. त्यांनी एक कागद टाइप करून आणला. मी परीक्षेचे प्रश्न फोडून शिस्तभंग केला, त्याबद्दल माफी मागते. खाली सहीची जागा. सही केली की भट्टी.

तिच्या नवऱ्याने म्हटलं, कर सही, कागदच आहे. दिराने म्हटलं, वहिनी, एवढ्याशा सहीसाठी घालवू नका. मी पण म्हटलं. आम्हाला सगळ्यांना तिची भट्टी तिच्या हातात बघायची होती.

"चूक असती तर विचारायच्या आधी केली असती," ती म्हणाली. "मी पिवळट गाड्यावर फुल्या मारल्या की नाही? ती माझी होती. ही माझी नाही. माफी मागितली म्हणजे घासणं चुकीचं ठरलं. मग त्या बायकांना मी काय शिकवलं?"

"आणि भट्टी गेली तर?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तर गेली." हे बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

बाबांचा शेवटचा दिवस आला. सही झाली नव्हती. साहेबांनी दुसऱ्या कुणाला नेमलं नव्हतं, वाट बघत होते. पण भट्टी वाट बघत नाही. ती विझवली तर आतल्या फरश्या तडकतात आणि परत पेटवायला फार जीव जातो. पाळी संपायचा भोंगा झाला. बाबांनी गळ्यातली निळी काच काढली, तिची दोरी सोडवली, आणि आम्हा सगळ्यांसमोर खडूताईच्या गळ्यात घातली. "चालू आहे," एवढंच म्हणाले. आणि हात धुवायला गेले. मागे वळून बघितलं नाही.

साहेब कागद घेऊन धावत आले. ती भोकापाशी होती.

"सही," साहेब म्हणाले.

"थांबा साहेब, गाडा आत चाललाय."

ते थांबले. आच अंगावर येत होती. त्यांनी कागदाने वारा घेतला. ती काचेतून बघत राहिली. "चालू दे," मला म्हणाली. मी ढकललं. मग पुढचा गाडा. साहेब दोन पावलं मागे सरकले, मग आणखी दोन. शेवटी त्यांनी तो कागद तिच्या स्टुलावर ठेवला आणि गेले. तो उडू नये म्हणून तिने त्यावर एक फरशी ठेवली. पालथी. तो कागद तिथे पिवळा पडेपर्यंत होता, सहीची जागा कोरी. तिच्या नावाची नेमणूक मात्र पुढच्या महिन्यात फळ्यावर लागली.

मॅडम एकदा परत आल्या होत्या. परीक्षेसाठी नाही. भट्टी बघायला. खडूताईने काच गळ्यातून काढून त्यांना दिली. त्यांनी ती डोळ्याला लावून भोकातून बघितलं.

"मला तर नुसता निळा उजेड दिसतोय," त्या म्हणाल्या. "यात तुम्हाला काय दिसतं?"

"पहिल्यांदा कुणालाच काही दिसत नाही," खडूताई म्हणाली. "घाई आहे का? नाही ना? मग उभ्या राहा इथे. बघत राहा."

मॅडम उभ्या राहिल्या. मी गाडा ढकलला.